जुने ते सोने? : एका बाटलीच्या निमित्ताने

२०२५ च्या जानेवारी महिन्यात नाशिकरोडच्या आमच्या एका स्नेही कुटुंबात विवाहाचा रौप्यमहोत्सव साजरा झाला. सकाळी चर्चमध्ये कृतज्ञतेची मिस्सा झाली, दुपारी घरी पंगत बसली आणि जेवणाआधी यजमानांनी लोखंडी कपाटावरून एक बाटली खाली उतरविली. लग्नात वहिनींच्या थोरल्या भावाने भेट दिलेली ती लाल वाइन होती. हा भाऊ द्राक्षबागांत कामाला असे. पुढे तो अकाली देवाघरी गेला. ‘जुनी होऊ दे, पंचविसाव्या वर्षी उघडू’ असे त्या जोडप्याने लग्नाच्या आठवड्यातच ठरविले होते आणि पंचवीस उन्हाळे ती बाटली कपाटावर उभी होती.

बूच काढताना त्याचा भुगा झाला. वाइन चहाच्या गाळणीतून गाळून घ्यावी लागली. रंग पार उतरून शिळ्या चहासारखा झाला होता, वासात सडू लागलेल्या सफरचंदाची आणि शिरक्याची छटा होती. सर्वांचे डोळे आमच्याकडे लागले. आम्ही पुस्तकांवर चार शब्द लिहितो, म्हणून चवीच्या बाबतीतही आम्हांला काही कळत असावे असा आप्तेष्टांचा समज आहे. आम्ही एक घोट घेतला आणि म्हणालो, “वा! काय मुरली आहे!” सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले.

आम्ही खोटे बोललो होतो. भिडेखातर दिलेला अभिप्राय हा समीक्षकाचा जुनाच दोष. धर्मग्रामातील होतकरू कवींच्या बाबतीत तो आमच्या हातून अनेकदा घडला आहे. परंतु या वेळी जीभ एक सांगत असता तोंडाने दुसरेच उच्चारले, याची रुखरुख राहिली. प्रस्तुत लेख हे त्या अभिप्रायाचे परिमार्जन समजावे. मद्यपानाची भलावण करण्याचा येथे हेतू नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत आणि ती आम्ही जवळून पाहिली आहेत. प्रश्न एवढाच आहे की, काळ जाऊ दिल्याने वस्तू चांगली होते हा आपला दृढ समज कितपत खरा आहे?

आपल्या मराठीने या प्रश्नाचा विचार फार पूर्वीच केलेला दिसतो. काळाने वस्तूत होणारा बदल सांगायला आपल्याकडे एक शब्द नाही, अनेक आहेत. लोणचे मुरते, दही आंबते, दूध नासते, भात शिळा होतो, डाळ विटते, पालेभाजी उतरते, आंबा पिकतो आणि मग सडतो. तांदूळ जुना चांगला, चिंच जुनी चांगली. पण जुने पीठ कोणी मागत नाही. आमच्या आजीला कोणती बरणी वर्षभर ठेवायची आणि कोणते पातेले रात्रीच रिकामे करायचे हे बरोबर कळत असे. ‘जुने ते सोने’ ही म्हण तिच्याही तोंडी होती, पण ती म्हण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर वापरायची असते याचे तिला भान होते. बाटलीपुढे मात्र आपण हा विवेक हरवून बसतो. बाटलीला लागलेली धूळ आपल्याला प्रतिष्ठेची वाटते.

बंद बाटलीत घडते तरी काय? लाल वाइन द्राक्षाच्या सालीसकट व बियांसकट आंबवतात. त्यांतून टॅनिन नावाचे तुरट द्रव्य उतरते. कच्चे केळे खाल्ल्यावर तोंडात येतो तो चरचरीतपणा याच जातीचा. काळ जाईल तसे टॅनिन आणि रंगद्रव्ये यांचे कण एकमेकांना धरून मोठे होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणून जुनी लाल वाइन फिकट व विटकरी होते, तिचा तुरटपणा मऊ होतो. उलट पांढरी वाइन गडद सोनेरी होत जाते. ताज्या फळाचा सुगंध हळूहळू ओसरतो आणि त्याच्या जागी सुका मेवा, चामडे, ओली माती अशांची आठवण देणारे वास येतात. बुचातून जाणारी किंचितशी हवा या कामी मदत करते. तीच हवा जास्त झाली की फळ मरते आणि पुढे शिरका होतो. मुरणे आणि नासणे या दोन वाटा अशा एकाच दारातून निघतात.

वाइन कोणत्या वाटेने जाईल हे दोन गोष्टींवर ठरते. पहिली, तिच्या अंगी मुळात काय आहे. दुसरी, तिला कोठे ठेवले आहे. आंबटपणा, टॅनिन, साखर आणि मद्यार्क हे तिचे रक्षक होत. ज्या वाइनमध्ये ते भरपूर आणि तोलाने असतात तिला दीर्घायुष्य लाभते. ज्या वाइनमध्ये ते बेताचे आहेत तिला कितीही ठेवा, ती सुधारणार नाही. केवळ वृद्ध होईल.

आता आपल्या नाशिककडे वळू. नाशिकचे नाव देशभर झाले ते खायच्या द्राक्षांनी. बिनबियांचे, पातळ सालीचे थॉमसन हे त्यांतले सर्वांत परिचित. वाइनची द्राक्षे निराळी असतात : लहान, बियांची, जाड सालीची. ती येथे मोठ्या प्रमाणावर रुजली ती गेल्या शतकाच्या अखेरीस. गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी सुरू केलेल्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि निफाड तालुक्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन उद्यानांची योजना झाली. पाहता पाहता दिंडोरी, निफाड, इगतपुरी या भागांत वाइनऱ्या उभ्या राहिल्या. शेनँ ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों ही परदेशी नावे आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी सरावाने बसली.

परंतु युरोपातील द्राक्षे आणि आपली द्राक्षे यांच्या ऋतूंत एक मूलभूत भेद आहे आणि त्याचा वाइनच्या आयुष्याशी निकट संबंध आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो. द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात, हवा थंड होत असताना काढली जातात. नाशिकला वेल झोपतच नाही, म्हणून त्याला वर्षातून दोनदा छाटावे लागते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता गोडी छाटणी. फळ हाती येते जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, म्हणजे दिवसेंदिवस ऊन वाढत असताना. उन्हात साखर लवकर चढते आणि आंबटपणा लवकर उतरतो. आंबटपणा टिकवावा म्हणून लवकर तोडणी केली, तर सालीतले टॅनिन कोवळे राहते. या कात्रीतून वाट काढणे हेच येथील वाइनकाराचे कौशल्य. पहाटेच्या गारव्यात तोडणी करणे, रस थंड ठेवणे, गरजेप्रमाणे आंबटपणा जोडणे असे उपाय करून त्यांनी जी वाइन सिद्ध केली ती खरोखर कौतुकास पात्र आहे. पण तिचे सौंदर्य बहुतांशी तारुण्याचे आहे. सोव्हिन्यों ब्लाँचा हिरव्या मिरचीचा, लिंबाच्या सालीचा तजेला काढणीनंतर वर्ष-दोन वर्षांतच चाखावा. ओकच्या पिंपात काही महिने ठेवलेली शिराझ किंवा कॅबर्ने चार-पाच वर्षे, नीट ठेवल्यास थोडी अधिकही, चांगली राहते. त्यापुढे तिच्याकडून अपेक्षा करणे म्हणजे पोरवयात गोड गाणाऱ्या मुलाचा आवाज साठाव्या वर्षी तसाच हवा असा हट्ट धरण्यासारखे आहे.

येथे आमची पहिली टीका नोंदवितो. बाटलीवर द्राक्षे कोणत्या वर्षीची हे बहुधा छापलेले असते, पण ती कधीपर्यंत प्यावी हे सहसा नसते. औषधाच्या बाटलीवर मुदत असते, बिस्किटांच्या पुड्यावर असते. वाइनच्या बाटलीवर मात्र मौन. या मौनाचा अर्थ ग्राहक ‘जितकी जुनी तितकी चांगली’ असा करतो. शिवाय कित्येक दुकानांत काचेच्या कपाटात, उन्हाच्या तिरिपेत बाटल्या मांडून ठेवलेल्या आढळतात. वाइनला बारा ते चौदा अंशांचा अंधार मानवतो. नाशिकचा एप्रिल-मे चाळीस अंशांच्या आसपास जातो. रसायनशास्त्राचा एक ढोबळ नियम असा की, तापमान दहा अंशांनी वाढले की क्रिया दुपटीच्या घरात जाते. त्या हिशेबाने आमच्या स्नेह्यांच्या कपाटावरच्या एकेका उन्हाळ्याने त्या बाटलीचे किती आयुष्य खाल्ले असेल, याचा वाचकांनीच विचार करावा. त्यात बाटली उभी ठेवलेली, म्हणजे बूच कोरडे पडून हवेला वाट मोकळी. दोष वाइन करणाऱ्याचा नव्हता. ज्या वाइनने दोन-तीन वर्षांत आनंद द्यायचा, तिच्यावर पंचवीस वर्षांचे ओझे टाकले गेले होते.

जे वाइनचे, तेच अधिक कठोरपणे बिअरचे. हल्ली तरुण मंडळींत क्राफ्ट बिअरचा, म्हणजे लहान प्रमाणावर, हातोटीने केलेल्या बिअरचा बोलबाला आहे. महाराष्ट्रातील अशी पहिली लहान भट्टी पुण्यात २००९ साली निघाली आणि तिचे नाव ‘डूलाली’. हे नाव नाशिकरोडशेजारच्या आपल्या देवळालीचे इंग्रजी तोंडातले रूप आहे, हे अनेकांना ठाऊक नसेल. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असत. उकाडा, ताप, रिकामपण यांनी काहींची डोकी फिरत. त्यावरून ‘डूलाली टॅप’ हा शब्दप्रयोग इंग्रजीत रूढ झाला. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपलाच ‘ताप’. उष्णतेत नुसते पडून राहण्याने माणसाचे काय होते याची साक्ष देणारे गाव एका बिअरचे नाव व्हावे, हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो, कारण बिअरलाही नेमके तेच बाधते.

अशी बिअर बहुधा न गाळलेली असते आणि तिच्यातले यीस्ट जिवंत असते. हॉप नावाच्या फुलांनी तिला कडूपणा आणि फळाफुलांचा सुवास येतो. हा सुवास सर्वांत आधी विरतो, काही आठवड्यांतच. मग कडूपणा बोथट होतो, आणि ऊब लागली की ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येऊ लागते. ऊन लागले तर हॉपमधील द्रव्याचे रूपांतर होऊन एक उग्र दुर्गंधी येते. तपकिरी बाटल्या वापरतात त्या याचसाठी. सारांश, सामान्य बिअर ही भाकरीच्या कुळातली वस्तू आहे. ती ज्या आठवड्याची त्या आठवड्यात गोड.

याला अपवाद आहेत, आणि टीकाकाराने अपवाद लपवू नयेत. त्यांतील एक तर मुंबई बंदराशी निगडित आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या बो भागातील हॉजसन यांच्या भट्टीतली बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई-कलकत्त्यास येई. चार-सहा महिन्यांच्या त्या प्रवासात, विषुववृत्त दोनदा ओलांडून, डुलत्या पिंपांत ती बिअर परिपक्व होई. पोर्तुगिजांच्या मदेरा बेटावरील वाइनची कथा अशीच. उष्ण कटिबंधातून हिंदुस्थानापर्यंत जाऊन परत आलेली पिंपे अधिक रुचकर निघाली, तेव्हा पुढे ती वाइन मुद्दाम उष्णतेत ठेवूनच तयार होऊ लागली. मग आमच्या स्नेह्यांची बाटली उन्हाळ्यांनी का सुधारली नाही? कारण हॉजसनच्या बिअरमध्ये हॉप मोठ्या प्रमाणात घातलेले असे आणि मदेरात द्राक्षाचा अर्क मिसळून तिला बळकट केलेले असते. प्रवास सोसण्यासाठी त्यांची घडण झाली होती. प्रवासाने घडण केली नाही. होती ती प्रकट केली.

दुसरा अपवाद आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. बेल्जममधील ओर्वाल येथे त्रापिस्त संन्याशांचा मठ आहे. त्याच्या उभारणीसाठी १९३१ साली तेथे बिअरची भट्टी सुरू झाली. तेथील बिअरमध्ये बाटली भरताना एक रानटी जातीचे यीस्ट सोडतात. ते बाटलीत महिनोन्‌महिने काम करीत राहते. कोवळी असताना ती बिअर हॉपच्या सुवासाने टवटवीत आणि कडवट असते. सहा महिने-वर्षाने कडूपणा मागे सरतो आणि माती-चामड्याचा कोरडा, गंभीर स्वाद पुढे येतो. तिचे चाहते काही कोवळीचे, काही जुनीचे. दोघांचेही म्हणणे खरे आहे, कारण त्या दोन निराळ्या चवी आहेत. जुनी ही नवीची सुधारून वाढविलेली आवृत्ती नव्हे. आम्हांला हे उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते, कारण ते वयाला गुणही मानत नाही आणि दोषही मानत नाही.

शास्त्राच्या आधारावर कोणी आम्हांला अडवील : लूकच्या शुभवर्तमानात जुन्या द्राक्षारसाची चव घेतलेल्याला नवा नको असतो, असे प्रभूने म्हटले नाही काय? म्हटले आहे. पण संदर्भ पाहिला तर ते द्राक्षारसाच्या गुणाविषयीचे मत नसून माणसाच्या सवयीविषयीचे निरीक्षण आहे. नव्याला सामोरे जाण्यास कचरणाऱ्यांना उद्देशून ते बोलणे आहे. त्याच ठिकाणचा बुधल्यांचा दाखलाही येथे आठवावा. नवा द्राक्षारस अजून आंबत असतो, त्यातून वायू निघतो, आणि जुने कातडे ताण सोसत नाही म्हणून बुधला फुटतो. तेथे जुनेपण हा कातड्याचा गुण नाही, उणीव आहे.

मिस्साबलिदानासाठी लागणाऱ्या द्राक्षारसाविषयी ख्रिस्तसभेचा नियमही लक्षणीय आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ९२४ व्या कलमानुसार तो द्राक्षांपासून केलेला नैसर्गिक असावा आणि नासलेला नसावा. किती जुना असावा याबद्दल तेथे एक अक्षर नाही. वेदीवर जाणाऱ्या द्राक्षारसाला जी अट पुरेशी आहे, ती आपल्या पंगतीला पुरेशी का नसावी?

आणि कानाचे लग्न! तेथे भोजनकारभाऱ्याने घोट घेतला आणि वराला बोलावून सांगितले की, चांगला द्राक्षारस तू आतापर्यंत राखून ठेवलास. तो द्राक्षारस कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. खरे पाहता तो काही क्षणांपूर्वीपर्यंत पाणी होता. जगातल्या कोणत्याही द्राक्षारसाहून त्याचे वय कमी. कारभाऱ्याने वय विचारले नाही, मळा विचारला नाही, देणाऱ्याचे नाव विचारले नाही. चव घेतली आणि जिभेने जे सांगितले ते बोलून दाखविले. आम्ही समीक्षेवर पुष्कळ ग्रंथ वाचले. त्या अनाम कारभाऱ्याइतका प्रामाणिक समीक्षक आम्हांला त्यांत क्वचितच भेटला. जानेवारीच्या त्या दुपारी आम्ही त्याच्या जागी होतो आणि आम्ही आधी धूळ पाहिली, पंचवीस वर्षे पाहिली, वहिनींचे डोळे पाहिले आणि मग चवीचा निकाल दिला.

पुढे उपवासकाळात एका संध्याकाळी आम्ही त्या घरी गेलो आणि वाइन बिघडली होती, आम्ही भिडेपोटी खोटे बोललो, असे स्पष्ट सांगितले. यजमान हसले. “मास्तर, ते आम्हांलाही कळलं होतं. पण तुम्ही म्हणालात, मग कोण बोलणार? आमच्या बाबांनी तर पेला संपवला.” वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या आत गेल्या, रिकामी बाटली घेऊन आल्या. ती त्यांनी स्वच्छ धुऊन ठेवली होती. चिठ्ठीवरची शाई उडाली होती, वर्षाचा आकडा तेवढा दिसत होता.

“दादानं दिली तेव्हाच उघडायला हवी होती,” त्या म्हणाल्या. “तो आठवडाभर इथेच होता की. रोज संध्याकाळी याच ओट्यावर बसायचा.”

त्यावर आम्हांला काही बोलता आले नाही. बाटली पुन्हा कपाटावर गेली.